गडगडाटी वादळ

गडगडाटी वादळ म्हणजे गर्जन्मेघापासून निर्माण होणारे, विजा आणि मेघगर्जना यांसह येणारे अल्पकालीन व स्थानिक वादळ. त्याच्यासोबत सोसाट्याचा वारा, जोरदार सरी आणि काही वेळा गारा येतात. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पडणारा वळवाचा पाऊस आणि मान्सून परतताना, विशेषतः हस्त नक्षत्राच्या सुमारास, दुपारनंतर कोसळणारा पाऊस ही या वादळाची सर्वपरिचित रूपे आहेत.

चक्रीवादळाचा व्यास शेकडो किलोमीटर असतो व ते अनेक दिवस टिकते. एकट्या गडगडाटी वादळाचा विस्तार मात्र बहुधा वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असतो आणि त्याचे आयुष्य अर्ध्या ते एका तासाचे असते. चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी देता येते. या वादळाचे नेमके ठिकाण एक-दोन तास आधी, कधी तर काही मिनिटे आधीच सांगता येते. त्यामुळे त्याच्यापासून होणारी जीवितहानी टाळणे हे शासकीय सूचनेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या वेळी उघड्यावर असलेल्या माणसाच्या वर्तनावर अवलंबून असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात २०२२ साली वीज पडून २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. नैसर्गिक कारणांनी झालेल्या त्या वर्षीच्या अपघाती मृत्यूंत हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते.

नावे

मराठीत या पावसाला वळीव किंवा वळवाचा पाऊस असे म्हणतात. वृत्तपत्रांतून अलीकडे त्याला सरसकट ‘अवकाळी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती काटेकोर नाही. मे महिन्यातील वळीव हा आपल्या काळीच येणारा पाऊस आहे. शेतकरी त्याची वाट पाहतो आणि त्यावर जमिनीची मशागत करतो. जानेवारी-फेब्रुवारीत उभ्या गव्हा-हरभऱ्यावर पडणाऱ्या पावसाला अवकाळी म्हणणे योग्य ठरते. पश्चिम बंगालमध्ये याच प्रकारच्या उन्हाळी वादळांना कालबैसाखी म्हणतात. केरळ व कर्नाटकात आंब्याच्या हंगामात पडणाऱ्या अशा सरी मराठी भूगोलाच्या पुस्तकांत ‘आंबेसरी’ या नावाने येतात. उत्तर भारतातील आंधी हे मुख्यतः धुळीचे वादळ असले, तरी तिच्या मुळाशीही पुष्कळदा गर्जन्मेघच असतो.

निर्मिती व जीवनक्रम

गडगडाटी वादळासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात: जमिनीलगत उष्ण व दमट हवा, वरच्या थरात तुलनेने थंड हवा आणि खालची हवा वर ढकलणारे काही तरी कारण. हे कारण तापलेली जमीन, डोंगराचा चढ किंवा भिन्न गुणधर्मांच्या दोन वायुप्रवाहांची गाठ यांपैकी कोणतेही असू शकते. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्राच्या अंतर्भागावर बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा आणि वायव्येकडून येणारी कोरडी, तप्त हवा एकत्र येतात. मध्य भारतापासून दक्षिणेकडे पसरलेला कमी दाबाचा पट्टा या काळात वारंवार तयार होतो आणि त्याच्या आसपास वळवाचे ढग वाढतात.

वर जाणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सियसने थंड होते. पुरेशी थंड झाल्यावर तिच्यातील बाष्पाचे थेंबांत रूपांतर होऊ लागते. या रूपांतरात बाष्पातील सुप्त उष्णता मुक्त होते आणि हवेला आणखी वर जाण्याचे बळ मिळते. अशा रीतीने ढग स्वतःच स्वतःला वाढवीत नेतो. फुलकोबीसारखा फुगणारा हा कपासी मेघ पाऊण-एक तासात गर्जन्मेघ बनतो. हवामानशास्त्रात त्याला क्युम्युलोनिंबस म्हणतात. उष्ण कटिबंधात त्याचा माथा १५ किमीहूनही उंच जातो आणि तेथे हवेला आणखी चढता येत नसल्याने ऐरणीसारखा सपाट पसरतो.

१९४६-४७ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा व ओहायो या राज्यांत विमाने, फुगे व रडार यांच्या साहाय्याने या वादळांचा पद्धतशीर अभ्यास झाला. होरेस बायर्स व रॉस्को ब्रॅहम यांनी त्यावरून वादळाच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिल्या अवस्थेत ढगात फक्त वर जाणारे प्रवाह असतात. दुसऱ्या, म्हणजे प्रौढ अवस्थेत पाऊस सुरू होतो व पडणाऱ्या थेंबांबरोबर थंड हवाही खाली कोसळते; वर जाणारे आणि खाली येणारे प्रवाह शेजारी-शेजारी असतात आणि वादळ याच वेळी सर्वांत घातक असते. तिसऱ्या अवस्थेत खाली येणारी थंड हवा दमट हवेचा पुरवठा तोडते व ढग विरतो. पावसाआधी येणारी थंड वाऱ्याची झुळूक आणि ओल्या मातीचा वास ही सुखद वाटणारी लक्षणे खरे तर प्रौढ अवस्थेतील वादळ जवळ आल्याची खूण आहेत.

अनुकूल परिस्थितीत एका वादळातून बाहेर पडलेली थंड हवा शेजारच्या उष्ण हवेला उचलते आणि नवा गर्जन्मेघ जन्मतो. असे ढग एकामागून एक त्याच जागेवरून जात राहिले किंवा डोंगररांगेला अडून एकाच ठिकाणी वाढत राहिले, तर अर्ध्या तासाचा पाऊस चार-सहा तासांचा होतो. अचानक पूर येण्याच्या बऱ्याच घटनांमागे हीच साखळी आढळते.

वीज

गर्जन्मेघात साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असते. तेथे हिमकण आणि मऊ गारा यांच्या टकरी होऊन विद्युत्‌भार विभागला जातो. सामान्यतः हलके हिमकण धनभार घेऊन माथ्याकडे जातात व जड कण ऋणभार घेऊन ढगाच्या खालच्या-मधल्या भागात राहतात. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात. ढगातून जमिनीकडे येणाऱ्या विजेत प्रथम एक क्षीण विसर्ग टप्प्याटप्प्याने खाली उतरतो. तो जमिनीजवळ आला की झाडे, खांब, शिखरे आणि माणसे यांच्यापासूनही वर जाणारे छोटे विसर्ग निघतात. त्यांपैकी ज्याची गाठ पडते त्या मार्गाने मुख्य प्रवाह वाहतो. त्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट, तापते. ती स्फोटासारखी प्रसरण पावते आणि तिचाच आवाज म्हणजे गडगडाट होय.

प्रकाश तत्काळ दिसतो, तर ध्वनी एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद घेतो. म्हणून वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागल्यास विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. शाळेत हे गणित प्रयोग म्हणून शिकवले जाते. त्याचा उपयोग जीव वाचवण्यासाठी आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वीज पावसाच्या पट्ट्याबाहेर दहा-पंधरा किलोमीटरवरही पडू शकते. गडगडाट ऐकू येणे म्हणजे ऐकणारा विजेच्या टप्प्यात असणे, असेच समजावे लागते. डोक्यावर पाऊस पडू लागेपर्यंत थांबणे ही म्हणूनच चूक ठरते.

थेट अंगावर वीज पडून होणाऱ्या मृत्यूंपेक्षा इतर मार्गांनी होणारे मृत्यू अधिक असतात. झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेते. जमिनीत शिरलेला प्रवाह सर्व बाजूंना पसरतो आणि पायांमधील अंतरामुळे एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने एकाच झाडाखाली उभे असलेले अख्खे खिल्लार मरून पडल्याच्या घटना घडतात. तारेचे कुंपण, पाण्याचे नळ व विजेच्या तारा यांतूनही प्रवाह दूरवर पोहोचतो.

महाराष्ट्रात या मृत्यूंचा संबंध शेतीच्या वेळापत्रकाशी आहे. वळवाच्या काळात मशागत चालू असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मराठवाडा व विदर्भात सोयाबीनची काढणी असते. दोन्ही वेळी माणसे दुपारी तीन ते सहा या दरम्यान मोकळ्या रानात असतात आणि वादळाचीही तीच वेळ असते. सपाट शिवारात आडोसा म्हणून बांधावरचे लिंबाचे किंवा बाभळीचे एखादेच झाड असते. पाऊस आला की सारे त्याच्याखाली गोळा होतात. पावसापासून वाचण्याची ही सवय विजेच्या बाबतीत प्राणघातक ठरते.

जी माणसे रानात नव्हती, त्यांचीही उदाहरणे आहेत. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळील आमेर किल्ल्यासमोरच्या टेकडीवरील बुरुजावर पाऊस पाहण्यास व छायाचित्रे काढण्यास जमलेल्यांवर वीज पडून किमान ११ जण मृत्युमुखी पडले. १९७५ साली आजच्या झिंबाब्वेत एका झोपडीवर पडलेल्या विजेने आत आश्रय घेतलेल्या २१ जणांचा बळी घेतला. एकाच थेट विजेने झालेली ही सर्वांत मोठी जीवितहानी म्हणून जागतिक हवामान संघटनेने नोंदवली आहे. झोपडी, गोठा, मांडव किंवा बसथांब्याचे छप्पर हा विजेपासूनचा आसरा नव्हे, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

गारा व वारा

वर जाणारा प्रवाह जोरदार असेल तर गोठलेला कण पुनःपुन्हा अतिशीत थेंबांतून फिरतो व थरावर थर चढून मोठा होतो. प्रवाहाला तो पेलेनासा झाला की गार म्हणून खाली पडतो. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ व्यक्ती मृत्यू पावल्या. गारांमुळे झालेली ही जगातील सर्वाधिक ज्ञात मनुष्यहानी आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दीर्घकाळ चाललेल्या गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षे व डाळिंब यांची मोठी हानी केली.

ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून आडवी पसरते, तेव्हा वाऱ्याचा वेग काही मिनिटांत अनेकपट वाढतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीच्या वादळासह आलेल्या अशाच वाऱ्यात घाटकोपर येथील एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण मरण पावले. त्यांपैकी अनेक जण पावसापासून किंवा वाऱ्यापासून आडोसा शोधताना अथवा इंधन भरताना तेथे थांबलेले होते.

ढगफुटी व अचानक येणारा पूर

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडल्यास त्यास ढगफुटी म्हणतात. या व्याख्येचा अर्थ आकड्यांतून नीट कळतो. २० चौरस किलोमीटरवर १०० मिमी पाऊस म्हणजे २०० कोटी लिटर पाणी. ते सर्व एकाच ओढ्याला तासाभरात मिळाले, तर त्या ओढ्यातून सुमारे १९,६०० क्युसेक पाणी वाहील. धरणातून सोडलेल्या पाण्याचे असे आकडे पावसाळ्यात ऐकण्याची पुणेकरांना सवय आहे. पण तेथे ते नदीच्या रुंद पात्रातून आणि पूर्वसूचना देऊन सोडलेले असतात.

‘ढगफुटी’ हा शब्द आज कोणत्याही मोठ्या पावसाला लावला जातो. ८ जुलै २०२२ रोजी अमरनाथ गुहेजवळ आलेल्या लोंढ्यालाही प्रथम ढगफुटीच म्हटले गेले. प्रत्यक्षात तेथील हवामान केंद्रावर संध्याकाळी दोन तासांत ३१ मिमी पावसाची नोंद झाली होती. जून २०१३ मधील केदारनाथच्या दुर्घटनेत अतिवृष्टीबरोबर वरच्या अंगाचा चोराबारी तलाव फुटला होता. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. ढग फुटला असे म्हटले की घटना दैवी व अटळ ठरते, आणि पाणी कोणत्या वाटेने आले, त्या वाटेत काय उभे होते, हे प्रश्न मागे पडतात.

पावसानंतर सहा तासांच्या आत येणाऱ्या पुरास सामान्यतः अचानक पूर म्हणतात. त्याची तीव्रता पावसाइतकीच जमिनीवर ठरते. उघडे खडक, तीव्र उतार, आधीच पाणी मुरून तृप्त झालेली जमीन, डांबर व काँक्रीटने झाकलेला शहरी भाग, कचऱ्याने किंवा बांधकामाने आवळलेले नाले यांमुळे पाणी न मुरता लगेच वाहते. अशा पुराचे सर्वांत फसवे वैशिष्ट्य म्हणजे पाऊस एका ठिकाणी पडतो आणि पूर दुसऱ्याच ठिकाणी येतो. ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्याच्या डोक्यावर कधीकधी चांदणेही असू शकते.

लेहमध्ये वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिमी पाऊस पडतो. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्रीच्या सुमारास तेथे कोसळलेल्या पावसाने चिखल व दगडांचे लोंढे वस्त्यांत शिरून दोनशेहून अधिक माणसे दगावली. कोरड्या नाल्यांच्या पात्रांलगत घरे वसलेली होती.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच काळात सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास फक्त ७३ मिमी पाऊस झाला. दक्षिण मुंबईतील कार्यालयांत बसलेल्यांना उपनगरांत काय चालले आहे याचा बराच वेळ अंदाज नव्हता, यात नवल नाही. मान्सूनच्या प्रवाहात रुतलेल्या उंच गर्जन्मेघांची साखळी उत्तर मुंबईवर तासन्‌तास टिकून राहिली. त्यातच समुद्राला भरती होती आणि भराव, अतिक्रमणे व कचरा यांनी आकुंचित झालेल्या मिठी नदीला पाणी वाहून नेता आले नाही. पाण्यात अडकलेल्या मोटारींच्या काचा व दारे न उघडल्याने काही जण आतच गुदमरून मेले. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील गावांवर दरडी कोसळल्या. राज्यात एकूण हजाराहून अधिक मृत्यू झाले. या पुराच्या चौकशीसाठी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली होती.

पुण्यातील आंबिल ओढ्याचा २०१९ मधील पूर लहान पाणलोटाचे ठळक उदाहरण आहे. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघून, पेशवाईत बांधलेल्या कात्रज तलावांमधून उतरत, पद्मावती, सहकारनगर, पर्वती पायथा व दांडेकर पूल या दाट वस्तीच्या भागांतून मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात या ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे करण्यात आले होते. आजची सारसबाग त्या जागी आहे. वर्षातील बहुतेक दिवस हा ओढा सांडपाण्याचा नाला एवढाच दिसतो. नव्या पिढीतील बऱ्याच रहिवाशांना त्याला पाणलोट आहे हेही ठाऊक नव्हते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज व दक्षिण पुण्यावर झालेल्या वादळी पावसाने त्याचे पाणी सोसायट्यांत व वस्त्यांत शिरले. अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळली, उभ्या मोटारी एकमेकींवर चढल्या, गोठ्यातील बांधलेली जनावरे दाव्यासकट बुडाली. पुणे-सातारा रस्त्यावरील खेड-शिवापूर परिसरातही माणसे वाहून गेली. जिल्ह्यात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. शहराच्या इतर भागांत लोकांना या प्रकाराची वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी कळली.

पूर्वसूचना

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा चार रंगांत देतो. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिमी अति मुसळधार व त्यापुढील पाऊस अत्यंत मुसळधार समजला जातो. पिवळा इशारा म्हणजे ‘काही होणार नाही’ असा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. वीज पडण्याच्या दृष्टीने पिवळ्या रंगाचा दिवसही धोक्याचा असतो, कारण हा रंग पूर्ण जिल्ह्याचा असतो आणि वीज एका झाडावर पडते.

डॉप्लर रडार व उपग्रह यांच्या आधारे पुढील तीन तासांपुरता तात्कालिक अंदाजही दिला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप विजा टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर चालते आणि वापरणाऱ्याच्या भोवती २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲप सर्व प्रकारचे इशारे एकत्र देते. दक्षिण आशियासाठी अचानक पुराचे मार्गदर्शन करणारी यंत्रणा २०२० पासून हवामान विभागामार्फत चालवली जाते. ती सहा तासांच्या पुराचा धोका व २४ तासांची जोखीम पाणलोटनिहाय दर्शवते. अडचण शेवटच्या टप्प्यात असते. काढणी करणाऱ्या मजुराचा मोबाइल झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो किंवा शिवारात रेंज नसते. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीचा भोंगा आणि मुकादमाने वेळीच थांबवलेले काम हीच सूचना ठरते.

विजेपासून बचाव

पहिला गडगडाट ऐकताच पक्क्या घरात किंवा बंद छपराच्या मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. पाऊस उघडला म्हणून लगेच कामाला लागणाऱ्यांचे बळी वादळाच्या शेपटाकडे जातात. मोटारीचे संरक्षण धातूच्या सांगाड्यामुळे मिळते, रबरी चाकांमुळे नव्हे. दुचाकी व उघडा ट्रॅक्टर यांना ते नाही. घरात असताना नळ, आंघोळ, तारेचा दूरध्वनी व प्लगला जोडलेली उपकरणे टाळावीत. खिडकी-दारापासून दूर बसावे.

रानात पक्का निवारा नसेल, तर एकाकी झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण, टेकडीचा माथा, पाण्याने भरलेले वाफे, विहीर व तळे यांपासून दूर जावे. फवारणीचा पंप, कोयता, खुरपे यांसारखी अवजारे बाजूला ठेवावीत. गटाने असल्यास एकमेकांत अंतर राखावे, म्हणजे एका विजेने सारे सापडत नाहीत आणि मदतीला कोणी तरी उरते. पाय जुळवून, टाचा एकमेकींना टेकवून उकिडवे बसल्याने जमिनीतील प्रवाहाचा धोका थोडा कमी होतो. तथापि ही शेवटची तडजोड आहे. निवारा पोहोचण्याजोगा असताना उकिडवे बसून राहणे धोक्याचे. जमिनीवर आडवे मात्र कधीही होऊ नये.

काही समजुती या संदर्भात टिकून आहेत. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, म्हणजे पायाळू, व्यक्तीवर वीज पडते हा समज महाराष्ट्रात सर्वदूर आढळतो. त्याला कोणताही आधार नाही. त्यातून घडणारा अपाय दुहेरी आहे: पायाळू माणूस विनाकारण भीतीत जगतो आणि इतर सारे निर्धास्त झाडाखाली थांबतात. मोबाइलमुळे वीज ओढली जाते, हेही खरे नाही. एकदा पडली त्या जागी वीज पुन्हा पडत नाही, हा समज तर उंच मनोऱ्यांच्या नोंदींनी केव्हाच खोटा ठरवला आहे.

पुरापासून बचाव

घोट्याच्या थोडे वर, सुमारे १५ सेंटिमीटर खोलीचे वेगाने वाहणारे पाणी प्रौढ माणसाचा तोल घालवू शकते. ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार वाहू लागते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने नेते. यामागे दोन कारणे आहेत. वाहणाऱ्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. शिवाय पाणी वाहनाला खालून उचलते व चाकांची पकड सुटते. वाहन जड आहे, म्हणून सुरक्षित आहे, हा तर्क येथे लागू पडत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात जीव जाण्याची नेहमीची जागा म्हणजे ओढ्यावरचा कमी उंचीचा फरशी पूल. रोजच्या येण्या-जाण्याचा रस्ता, पलीकडे दिसणारे घर, मागे अंधारत आलेले आभाळ, आणि आदल्या वर्षी याहून जास्त पाण्यातून गेल्याची आठवण, या साऱ्यांमुळे माणूस पाण्यात पाऊल घालतो. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली, हे दिसत नाही. पुलावरून पाणी जात असेल तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. लहान ओढ्यांचा पूर जसा झपाट्याने येतो तसाच बहुधा काही तासांत उतरतो. थांबण्याची किंमत एका रात्रीची असते. शाळा सुटण्याच्या वेळी वरच्या अंगाला पाऊस चालू असेल, तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवरील मुलांना शाळेतच थांबवणे आणि पालकांना तसे आधीपासून सांगून ठेवणे इष्ट असते.

सह्याद्रीतील धबधब्यांवर होणारे अपघात याच प्रकारात मोडतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी अकस्मात गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या येऊ लागणे, प्रवाहाचा आवाज बदलणे ही लोंढ्याची पूर्वचिन्हे आहेत. ती दिसताच सामान न आवरता प्रवाहाला काटकोनात, म्हणजे काठाच्या चढावर जावे. प्रवाहाच्या दिशेने धावून त्याला मागे टाकता येत नाही.

मोटार पाण्यात बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात वेळ घालवू नये. पाणी दाराच्या निम्म्यावर येण्याआधी काच खाली करून बाहेर पडावे; नंतर बाहेरील दाबामुळे दार उघडत नाही आणि विजेवर चालणाऱ्या काचाही बंद पडू शकतात. घरात पाणी शिरू लागल्यास मुख्य स्विच बंद करून वरच्या मजल्यावर जावे. दावणीची जनावरे सोडून द्यावीत. पाण्यात पडलेल्या विजेच्या तारांमुळे व उघड्या मॅनहोलमुळेही शहरांत मृत्यू होतात, म्हणून साचलेल्या पाण्यातून शक्यतो चालूच नये.

प्रथमोपचार व भरपाई

वीज लागलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युत्‌भार शिल्लक राहत नाही. तिला लगेच स्पर्श करता येतो. मदत करणाऱ्याने आधी स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार करून शक्य असल्यास तिला आडोशाला न्यावे. विजेने हृदय व श्वास थांबतात, पण अनेकदा हृदय पुन्हा सुरू होते आणि श्वास मात्र मिळत नाही. त्यामुळे एकाच वेळी अनेकांना वीज लागली असेल, तर कण्हणाऱ्यांपेक्षा निपचित पडलेल्यांकडे आधी लक्ष द्यावे, असा या अपघातांतील नियम आहे. श्वास नसल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे, कृत्रिम श्वास द्यावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही भागांत वीज लागलेल्यास शेणात किंवा चिखलात पुरण्याची प्रथा आहे. तिच्यात मोलाची मिनिटे वाया जातात. शुद्धीवर आलेल्यांनाही रुग्णालयात नेणे आवश्यक असते. कानाचे पडदे, डोळे, मज्जासंस्था यांना झालेली इजा पुष्कळदा नंतर जाणवते.

महाराष्ट्रात वीज पडून झालेल्या मृत्यूबद्दल शासनाकडून वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य दिले जाते. दगावलेल्या जनावरांसाठी वेगळे दर आहेत. त्यासाठी तलाठ्याने केलेला पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. घाईने अंत्यविधी उरकल्यामुळे किंवा मेलेले जनावर पंचनाम्यापूर्वीच पुरल्यामुळे दावा अडकू शकतो, म्हणून घटना घडताच गावच्या पोलीस पाटलाला व तलाठ्याला कळवावे लागते.